ग्राहकाचा शब्द आणि तिचा शब्द : आपल्याच शहरातला अडीचशे वर्षांचा हिशेब

विषय थोडा अवघड आहे, घरात मोठ्याने बोलला जात नाही. पण मोबाईलवर आपल्या शहराचं नाव टाकून 'एस्कॉर्ट' शोधणारे कमी नाहीत, आणि तिथे मिळणाऱ्या पाच चांदण्या बघून पैसे पाठवणारेही कमी नाहीत. ग्राहकांनी लिहिलेल्या या 'रिव्ह्यू'वर किती भरवसा ठेवायचा? आणि ज्या बाईबद्दल ते लिहिलंय तिच्यावर त्यात अन्याय होतो का? हा प्रश्न मोबाईलपेक्षा फार जुना आहे, आणि त्याचं एक टोक आपल्याच गावात सापडतं.

दर्गाह कुली खान हे नाव उस्मानपुऱ्यात विचारा, फार कुणाला माहीत नसेल. पहिल्या निजामाच्या, म्हणजे आसफजाहच्या दरबारातला हा सरदार पुढे औरंगाबादचा सुभेदार झाला आणि 1766 मध्ये वारला. 1738 ते 1741 या काळात तो निजामासोबत दिल्लीत होता. मधेच 1739 ला नादिरशहा आला आणि त्याने दिल्ली लुटली. त्या दिवसांतलं जे पाहिलं ते त्याने फारसीत लिहून ठेवलं. तेच पुस्तक आज 'मुरक्का-ए-दिल्ली' म्हणून ओळखलं जातं. त्यात दर्गे आहेत, उरूस आहेत, बाजार आहेत, शायर आणि बीनवादक आहेत. आणि शेवटाकडे आहेत दिल्लीच्या नर्तकी आणि गाणाऱ्या बाया, एकेकीच्या नावानिशी.

नूरबाईच्या दारात अमीर-उमरावांच्या हत्तींची गर्दी असायची, असं तो सांगतो. तिच्या नादाला लागलेल्यांची घरं कशी रिकामी झाली हेही सांगतो. अद बेगम पायजमा न घालता पायांवर तशीच नक्षी रंगवून मैफलीत यायची, हेही त्यानेच नोंदवलंय. आता एक फरक आधीच स्पष्ट करतो. तवायफ म्हणजे आजची एस्कॉर्ट नव्हे. गाणं, नाच, शायरी, बोलण्याची अदब हे सगळं शिकलेली ती कलावंत होती. पण लिहिणारा आणि लिहिली जाणारी यांचं नातं तेच आहे. मैफलीत बसलेला पुरुष लिहितो, आणि बाई कशी होती हे पुढच्या पिढ्यांना त्याच्याच शब्दांतून कळतं. दर्गाह कुली खान लबाड होता असं मला म्हणायचं नाही. त्याच्यामुळेच ही नावं उरली. पण नूरबाईने त्या हत्तीवाल्यांबद्दल लिहिलं असतं तर ते काय असतं, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. लंडनमध्ये 1757 पासून 1795 पर्यंत 'हॅरिसची यादी' नावाचं छोटं पुस्तक जवळपास दरवर्षी छापलं जायचं. शहरातल्या वेश्यांची नावं, रूप, स्वभाव, राहण्याचा पत्ता आणि बऱ्याचदा दरसुद्धा. ग्राहक पैसे मोजून ते विकत घ्यायचे. म्हणजे रिव्ह्यूचा धंदा तेव्हाही होताच. पुस्तक खपायला हवं म्हणून वर्णनात मीठमसाला घालणंही ओघाने आलंच.

आता दुसरं टोक बघा. दर्गाह कुली खान गेला, त्यानंतर दोनच वर्षांनी, 1768 मध्ये, याच औरंगाबादेत चंदाबीबी जन्मली असं सांगतात. हीच पुढे हैदराबादच्या दरबारातली महालकाबाई चंदा. गाणारी, नाचणारी, घोड्यावर बसणारी, जहागीरदारीण. आणि मुख्य म्हणजे लिहिणारी. तिने स्वतःच्या गझलांचा दीवान तयार केला आणि 1799 मध्ये त्याची प्रत जॉन माल्कम या इंग्रज कॅप्टनला भेट दिली. ती प्रत आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मैफलीतल्या बाईचा शब्द तिच्याच सहीने उरला, तो असा. पण हे तिला जमलं ते जहागीर, शिक्षण आणि दरबारातलं वजन होतं म्हणून. बाकीच्या हजारो जणींकडे यातलं काय होतं?

काहीच नव्हतं. आणि म्हणून लोकांनी त्यांच्याबद्दल जे म्हटलं, तोच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाला. आपल्याच राज्यातलं प्रकरण सांगतो. 1965 साली भिवंडीत एक पोलीस इन्स्पेक्टर रात्री गणवेशात एका बाईच्या झोपडीत शिरला आणि त्याने जबरदस्तीचा प्रयत्न केला, अशी तक्रार झाली. खात्याची चौकशी होऊन तो बडतर्फ झाला. उच्च न्यायालयाने मात्र त्याची शिक्षा रद्द केली. कारण काय, तर अशा चालीच्या बाईच्या शब्दावर एका अधिकाऱ्याची नोकरी घालवणं बरं नव्हे. गंमत बघा, आपल्या आयुष्याची ही बाजू तिने स्वतःच प्रामाणिकपणे मान्य केली होती, आणि तोच प्रामाणिकपणा तिच्या अंगाशी आला! शेवटी 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे उलटवलं. बाई कशीही असो, तिच्या खासगीपणावर कुणी घाला घालू शकत नाही आणि तेवढ्या कारणाने तिची साक्ष फेकून देता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तरी बलात्काराच्या खटल्यात बाईचं 'चारित्र्य' काढून तिला खोटं ठरवण्याची मुभा देणारं पुरावा कायद्यातलं कलम 2002 च्या दुरुस्तीपर्यंत तसंच होतं.

मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. या व्यवसायातल्या बायांना पोलिसांनी सन्मानाने वागवावं, आणि धाडीच्या बातमीत त्यांची ओळख किंवा फोटो माध्यमांनी देऊ नये. हे आम्हा बातमीदारांना उद्देशून आहे. 'धाड पडली' ही बातमीसुद्धा एकतर्फी रिव्ह्यूच असते. त्यात बाईचा फोटो येतो, ग्राहक मात्र 'एक इसम' म्हणून सुटतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूसाठी मानक आणलं, आयएस 19000. लिहिणारा खरा आहे का हे तपासा, पैसे देऊन लिहून घेतलेलं छापू नका, असा त्याचा मतलब. मिक्सर किंवा हॉटेलसाठी हे ठीक आहे. पण ज्या गोष्टीसाठी ग्राहक आपलं नावच देणार नाही, तिथे खरं-खोटं तपासणार कोण? म्हणूनच तिथे चोरलेले फोटो, दुसऱ्याच कुणाच्या नावाने लिहिलेली स्तुती आणि आगाऊ पैसे घेऊन बंद होणारे नंबर चालतात. फसलेला लाजेने पोलिसांकडे जात नाही, आणि ठग नेमके त्याच लाजेवर जगतात. जिचा फोटो चोरला ती मुलगी तर कदाचित आपल्याच गल्लीतली, या धंद्याशी काही संबंध नसलेली.

म्हणून मला वाटतं, प्रामाणिक रिव्ह्यूची कसोटी एकच आहे. लिहिणारा स्वतःच्या नावाने उभा आहे का, आणि जिच्याबद्दल लिहिलं तिला उत्तर देता येतं का? यातलं एकही नसेल तर ती माहिती नाही. चव्हाट्यावरची कुजबुज आहे, फक्त तिला चांदण्या लावल्यात.

असली लिंक ग्रुपवर आली तर पुढे पाठवू नका. कुणाचा फोटो असा वापरलेला दिसला तर 1930 वर किंवा सायबर पोलिसांकडे कळवा. आणि कमेंटमध्ये मतं जरूर मांडा, पण कुणा बाईचं नाव न घेता.