रातकिड्याच्या विषाणूचं आडनाव

पावसाळ्यात रात्री दिवे गेले आणि बाहेर किर्रर्र सुरू झाली, की मला हल्ली रातकिड्यांच्या एका आजाराची आठवण येते. (घरचे म्हणतात, तुला दुसरं काही सुचत नाही का? असो.)

तर झालं असं. १९७० साली ऑस्ट्रेलियात रायनगानम आणि सहकाऱ्यांनी पाळीव रातकिड्यांमधला एक विषाणू नोंदवला. पिल्लांचे मागचे पाय लुळे पडायचे आणि पिल्लं मरायची. नाव पडलं क्रिकेट पॅरालिसिस व्हायरस. आपल्याकडे या नावावर काय विनोद होतील ते सांगायला नको!

आता याला बसवायचं कुठल्या घराण्यात? हातात होतं ते मुख्यतः सूक्ष्मदर्शकातलं रूप. साधारण ३० नॅनोमीटरचा गोलसर कण, आत आरएनएचा एकेरी धागा, वर प्रथिनांचं कवच. थेट पोलिओच्या विषाणूसारखा दिसणारा. म्हणून पोलिओच्या पिकोर्ना घराण्याच्या पंगतीत त्याला बसवलं, पण पाट पक्का दिला नाही.

१९९८ मध्ये जॉन्सन आणि ख्रिश्चन यांनी याच्या जवळच्या नातलगाचा, फळमाशीतल्या ड्रोसोफिला सी विषाणूचा, जीनोम वाचला आणि घोळ उघडा पडला. पोलिओत साडेसात हजारांच्या आसपास अक्षरं, त्यांतून एकच लांबलचक प्रथिन बनतं आणि मग त्याचे तुकडे होतात. आधी कवचाची प्रथिनं, मागून कामाची विकरं. इथे मात्र मजकुराचे दोन वेगळे भाग. विकरं पुढे, कवच मागे. म्हणजे बाहेरून वाडा तोच, पण आत शिरलं तर ओसरीच्या जागी स्वयंपाकघर!

खरी गंमत दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला आहे. प्रथिनाची सुरुवात मेथिओनिनने होते, हे आपण शाळेत घोकलेलं. रातकिड्याचा विषाणू कवचाची सुरुवात अ‍ॅलानिनने करतो, हे २००० साली दिसलं. दोन भागांमधला आरएनए अशी घडी घालून बसतो, की रायबोसोमला तो ट्रान्सफर आरएनएच वाटावा. पेशीचे नेहमीचे मदतनीस लागतच नाहीत. पेशीचं स्वतःचं काम थंडावलं तरी याचं कवच बनत राहतं. मला तर ही लबाडी वाचून त्याचं कौतुकच वाटलं.

पुढे या मंडळींना स्वतःचं आडनाव मिळालं, डायसिस्ट्रोविरिडी, म्हणजे दोन भागांवाले. मधमाश्यांना लुळं करणारे काही विषाणू आणि १९९० च्या दशकात इक्वेडोरमधल्या कोळंबीच्या तळ्यांची धूळधाण करणारा टॉरा विषाणू याच गोतावळ्यातले. जुन्या लोकांचं अगदीच चुकलं होतं असंही नाही. कवचाच्या घडणीतलं साम्य खरंच होतं. २००८ मध्ये दोन्ही घराणी पिकोर्नाविरालीस या एकाच गणात आली. सख्खे नसले तरी चुलत निघाले म्हणायचे.

आता सगळं उलट झालंय. २०१६ मध्ये चीनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने २२० हून अधिक अपृष्ठवंशी जातींतून १,४४५ आरएनए विषाणू सापडले, तेही नुसते आरएनए वाचून. पूर्वी चेहरा होता, मजकूर नव्हता. यांचा मजकूर आहे, पण चेहरा कुणी पाहिलेला नाही. आणि त्यांतले किती कुणाचे पाय लुळे करतात, ते नुसत्या मजकुरावरून कळत नाही.