एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे छायाचित्रण : अभिलेख आणि तौलनिक संशोधन

प्रस्तावना :
इतिहासलेखनात छायाचित्राला बहुधा दुय्यम स्थान मिळते. ग्रंथ लिहून पूर्ण झाल्यावर मजकुराला पूरक म्हणून ते जोडले जाते. लेखी कागदाला लावली जाणारी साधनचिकित्सेची कसोटी छायाचित्राला क्वचितच लावली जाते. यंत्राने टिपलेले ते खरेच असणार, हा समज त्यामागे असतो. मुंबईतील प्रारंभीच्या छायाचित्रणाच्या आधारे या समजाची मर्यादा स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मुंबईतील छायाचित्रणाचा प्रारंभ :
१८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेरच्या छायाचित्रण पद्धतीची घोषणा झाली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नाव मिळविले. म्हणजेच हे तंत्र केवळ युरोपियनांच्या हाती राहिले नव्हते. मुंबईतील नवशिक्षित वर्गाने ते लवकरच आत्मसात केले होते.

जॉन्सनचा ग्रंथ व त्याचे पुरावामूल्य :
विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' हे मासिक प्रसिद्ध केले. त्यात मूळ छायाचित्रेच चिकटविलेली असत. पुढे जॉन्सनने मुंबईतील विविध जातिजमातींच्या छायाचित्रांचा 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ १८६३ व १८६६ मध्ये दोन खंडांत लंडनहून प्रसिद्ध केला. यातील अनेक छायाचित्रे जोडचित्रे आहेत. माणसांचे चित्रण एकीकडे, पार्श्वभूमीचे दुसरीकडे, आणि दोहोंच्या संयोगातून एक नवेच दृश्य तयार केलेले आहे.

जॉन्सनच्या छायाचित्रांचे संच आज अमेरिकेत डॅलस येथील सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाच्या डिगॉलियर ग्रंथालयात आहेत. त्यातील मूळ चित्रे ग्रंथातील चित्रांशेजारी ठेवली असता माणसे तीच, परंतु परिसर बदललेला, असे दिसून येते. केवळ ग्रंथ पाहणाऱ्या अभ्यासकाला हा बदल खात्रीने सिद्ध करता येत नाही. लंडन, डॅलस आणि मुंबई येथील साधने एकत्र पाहिल्यावरच तो पुराव्यानिशी मांडता येतो.

या बदलाला तांत्रिक बाजूही आहे. त्या काळच्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देणे, चित्र घेणे व ते धुणे ही सर्व कामे थर सुकण्यापूर्वी करावी लागत. प्रकाशदर्शनासही वेळ लागे. त्यामुळे माणसांचा समूह बाहेर नेऊन स्थिर बसविणे अवघड होते. परंतु कारण तांत्रिक असले, तरी परिणाम सामाजिक आहे. एखाद्या जातीचा पोशाख, व्यवसाय आणि वस्तीचा परिसर एकाच चौकटीत बसविल्याने ती जात म्हणजे एक ठरीव नमुना, असा आभास निर्माण होतो. अशी चित्रे पाठ्यपुस्तकात चिकित्सेविना छापली गेल्यास छायाचित्रकाराची रचना समाजाचे वास्तव म्हणून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते.

निष्कर्ष :
जॉन्सनच्या चित्रातील व्यक्ती आणि वस्त्रे खरी असू शकतात. तिच्यामागील स्थळ मात्र स्वतंत्र पुराव्याविना ग्राह्य धरता येत नाही. छायाचित्राचा इतिहास एका अभिलेखागारात पूर्ण होत नाही, हाच येथील मुख्य निष्कर्ष होय. म्हणून महाविद्यालये, संस्थाने आणि जुनी घराणी यांच्याकडील संग्रहांची सूची तयार होणे अगत्याचे आहे. तसे करताना चित्र मूळ संचापासून अलग न करता त्याची मागील बाजू, तेथील हस्ताक्षर आणि छायाचित्रगृहाचा शिक्का यांचीही नोंद व्हावी. अशा सूची परस्परांना उपलब्ध झाल्या, तरच छायाचित्र मजकुराची शोभा न राहता इतिहासाचे साधन ठरेल.