जुन्या लॅपटॉपची देखभाल

जुन्या लॅपटॉपच्या मंदपणाचे मूळ अनेकदा फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये असते. तिच्या जागी साटा प्रकारची एसएसडी बसविल्यास माहिती वाचण्याचा वेग सेकंदाला सुमारे १०० मेगाबाइटवरून ५०० पर्यंत जातो. डिस्कमधून खटखट आवाज येत असल्यास मात्र सर्वप्रथम माहितीची प्रत काढावी. ती एकदा गेली की परत मिळेलच असे नाही. रॅम वाढविताना प्रकार तपासावा. डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ बसत नाही. लॅपटॉप तापत असल्यास पंख्यातील धूळ काढावी. बॅटरी फुगली असल्यास वापर तत्काळ थांबवावा. विंडोज १० साठीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ न चालणाऱ्या लॅपटॉपला लिनक्सचा पर्याय आहे.