नेमस्त, मवाळ आणि ‘मॉडरेट’

पावसाळ्यात रेडिओवर हवामानाचा अंदाज सुरू झाला की ‘हलका ते मध्यम’ हे शब्द हमखास कानावर पडतात. यातलं ‘मध्यम’ हे इंग्रजी ‘मॉडरेट’चं भाषांतर. हवामान खात्याच्या हिशेबात चोवीस तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर पडलेला पाऊस मॉडरेट ठरतो. आता साठ मिलिमीटर पाऊस आमच्या डोंगरकड्याच्या शिवारात दिवसभर रिपरिपत पडला तर गोष्ट वेगळी. तोच दोन तासांत कोसळला तर हळदीच्या सऱ्या तुडुंब भरतात, बांध फुटतात, ओढा रस्त्यावर येतो. त्या संध्याकाळी एखाद्या शेतकऱ्याला विचारून पाहा, पाऊस मध्यम होता का म्हणून! यात खात्याची काही चूक नाही. खातं माप सांगत असतं आणि आपण पावसाचा स्वभाव ऐकत असतो. हा घोटाळा त्या इंग्रजी शब्दाच्या पोटातच आहे आणि आपल्याकडच्या राजकारणात त्यानं मोठमोठ्या माणसांना नको ती नावं चिकटवली आहेत. म्हणून या शब्दाची कुळकथा आज सांगायची आहे.

मॉडरेट हा शब्द लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये ‘मोदुस’ म्हणजे माप. त्यावरूनच ‘मोदिउस’ हे धान्य मोजायच्या भांड्याचं नाव पडलं. रोमन लोकांचं हे भांडं साधारण पावणेनऊ लिटरचं असे. आपली पायलीच म्हणा ना! दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हे कोष्टक पाठ असलेली माणसं आता थोडी उरली. पण पायलीनं ज्वारी मोजताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना पुढची गोष्ट लगेच कळेल. माप भरलं की काठाच्या वर धान्याचा शंकूसारखा ढीग राहतो. त्याला शीग म्हणतात. सौदा शिगेचा असेल तर ती शीग घेणाऱ्याच्या पदरात जाते. नसेल तर मोजणारा काठावरून हात फिरवतो आणि वरचं धान्य खाली सांडतो. ‘उत्साह शिगेला पोचला’ असं आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो, ती शीग हीच. काठावरून फिरणारा तो हात म्हणजे ‘मॉडरेट’ करणं, असं मी समजतो. मापाच्या वर जे गेलं ते काढायचं, आतलं तसंच ठेवायचं.

लॅटिनमध्ये यावरून जे क्रियापद झालं, त्याचा अर्थ मापात ठेवणं, आवरणं असा. घोड्याचा लगाम आवरण्यालाही ते वापरत. पुढे इंग्रजीत शब्द आला तेव्हा हे दोन्ही अर्थ बरोबर आले, मोजण्याचा आणि आवरण्याचा. त्याची भावंडंही आपल्या ओळखीची आहेत. मॉडेल, मॉडेस्ट आणि ज्याच्या मागे आपण सगळे धावतो तो मॉडर्न, हे सारे त्याच मोदुसच्या घरातले. दहावीचे पेपर तपासून झाले की ते मॉडरेटरकडे जातात. त्याचं काम गुण कापणं हे नव्हे. एका परीक्षकाचा हात सैल आणि दुसऱ्याचा आखडता असेल, तर दोघांचं माप एक करणं हे त्याचं काम. अणुभट्टीतही मॉडरेटर असतो. तिथं तो न्यूट्रॉनचा वेग कमी करतो आणि गंमत अशी, की त्यानं वेग कमी केल्यामुळेच भट्टी चालू राहते. म्हणजे आवरणं म्हणजे थांबवणं, असं यातल्या कुठल्याच ठिकाणी नाही.

मोजण्यातून आवरण्याकडे जाण्याची ही वाट आपल्या भाषांनाही नवी नाही. संस्कृतमध्ये ‘मा’ म्हणजे मोजणं. त्यावरून मान, मात्रा, प्रमाण आणि ‘मित’ हे शब्द आले. मित म्हणजे मोजलेलं. पण मितभाषी माणूस शब्द मोजून बोलतो म्हणजे आवरून बोलतो आणि मिताहारी माणूस भूक आवरतो. हिंदू वारसा कायद्यात गाजलेल्या ‘मिताक्षरा’ या टीकेच्या नावातही तोच मित आहे, मोजक्या अक्षरांतली. ती लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांकडे, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात होता. ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातलं गाव. (ग्रंथ चांगला जाडजूड आहे, हे नावावरून वाटणार नाही.) आणि आमच्या गावात पोरगं उद्धट बोललं तर म्हातारी माणसं अजूनही म्हणतात, ‘मापात राहा.’

मग मॉडरेटला मराठीत शब्द काय मिळाला? शंभरेक वर्षांपूर्वी मराठी वृत्तपत्रांनी दोन शब्द चालवले. एक नेमस्त, दुसरा मवाळ. आपण आज दोन्ही एकाच अर्थानं घेतो, पण दोघांचे वंश अगदी वेगळे आहेत.

नेमस्त आला ‘नेम’वरून आणि नेम आला ‘नियम’वरून. नियमाच्या मुळाशी जो ‘यम्’ धातू आहे, त्याचा अर्थ आवरणं. संयम त्यातलाच. पुढे मराठीत नेमाला एकादशीच्या व्रताचा अर्थ मिळाला, बंदुकीच्या नेमाचा मिळाला, नेमणुकीचा मिळाला. जुन्या कागदांत नेमस्त म्हणजे ठरवून दिलेलं, नेमून दिलेलं. त्याचा शेवट बंदोबस्त, दुरुस्त यांच्या वळणाचा आहे. पेशवाईतल्या कारकुनाच्या दप्तरात तो शोभून दिसतो. म्हणजे मॉडरेट मापाकडून निघून आवरण्यापाशी आला आणि नेमस्त आवरण्याकडून निघून ठरलेल्या मापापाशी आला. समोरासमोरून चालत येऊन एकाच चौकात भेटावं, तशी ही भेट. इतकं चपखल भाषांतर क्वचितच जमतं.

मवाळचं तसं नाही. मवाळ म्हणजे मऊ. मवाळ ऊन, मवाळ स्वभाव. त्याच्यासमोर जो शब्द उभा केला तो जहाल. जहाल विष असतं, जहाल तंबाखू असते. इंग्रजीतली जोडी मॉडरेट आणि एक्स्ट्रीमिस्ट अशी होती. एक मापातला, दुसरा पार टोकाचा. दोघंही एकाच पट्टीवर मोजलेले. मराठीत आल्यावर पट्टी गेली आणि जिभेची चव आली, एक मऊ आणि एक झणझणीत. मऊ आणि झणझणीत यांतून निवडायचं म्हटल्यावर आपल्याकडे कौल कुणाला मिळणार, हे सांगायला नको.

सुरतेची काँग्रेस २७ डिसेंबर १९०७ रोजी उधळली. व्यासपीठाकडे एक दक्षिणी जोडा भिरकावला गेला आणि तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता या दोघांनाही लागला. तिथं हजर असलेल्या नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकारानं ते लिहून ठेवलं आहे. काँग्रेस फुटली आणि ही नावं पक्की झाली. त्यानंतर गोपाळ कृष्ण गोखले म्हटलं की मवाळ, हे आपल्या डोक्यात शाळेपासून बसलेलं आहे.

या गोखल्यांचं काम काय होतं, ते जरा पाहा. फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारा, अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिणारा हा माणूस. १८९७ मध्ये विलायतेत वेल्बी कमिशनपुढं त्यांनी हिंदुस्थानच्या खर्चाचे आकडे मांडले. १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यांचं पहिलं अंदाजपत्रकावरचं भाषण झालं. सरकार दरवर्षी शिल्लक दाखवून पाठ थोपटून घेत होतं. गोखल्यांनी हिशेब मांडून विचारलं, की दुष्काळानं माणसं मरत असताना तिजोरीत शिल्लक पडते, ती भरभराटीची खूण कशी? ती तर गरजेपेक्षा जास्त कर उकळल्याची खूण. त्यांनी मिठाच्या कराचा पिच्छा पुरवला. मणामागे अडीच रुपये असलेला तो कर १९०३ मध्ये दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया. ज्या वर्षी सुरतेला जोडा उडाला, त्याच वर्षी. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, ते पुढल्या वर्षी फेटाळलं गेलं. यात मऊ काय आहे, ते मला कधी दिसलेलं नाही. मोजून बोलणारा माणूस म्हणून त्यांना नेमस्त म्हटलं तर ते अगदी खरं आहे.

टिळकांवर मात्र याचा दोष टाकता येत नाही. तेही गणिताचेच शिक्षक, त्यामुळे माप म्हणजे काय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. २ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे सुरतेच्या जवळजवळ वर्षभर आधी, कलकत्त्याच्या भाषणात त्यांनी या दोन शब्दांवरच बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की ही नावं काळाशी बांधलेली आहेत. आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील, जसे आजचे मवाळ काल जहाल ठरले होते. पट्टी सरकते, माणूस तिथंच असतो. १९१५ मध्ये गोखले गेले, १९१६ मध्ये लखनौला दोन्ही गट एकत्र आले आणि १९१८ मध्ये जुने नेमस्त काँग्रेसमधून बाहेर पडले. पुढे त्यांनी स्वतःच मॉडरेट नाव टाकून ‘लिबरल’ हे नाव घेतलं. १९२० मध्ये टिळक गेले. पुढच्या पाच-सहा वर्षांत असहकाराच्या लाटेत न. चिं. केळकरांसारखे टिळकांचे खंदे अनुयायी प्रतियोगी सहकारितेची भाषा बोलू लागले आणि गांधींच्या माणसांना तेच मवाळ वाटू लागले. टिळकांचं गणित त्यांच्याच घरात बरोबर आलं.

पट्टी काळाबरोबर सरकते, तशी ती मुलूख बदलला तरी सरकते. याचा दाखला आपल्या मराठवाड्याइतका चांगला दुसरीकडे मिळणार नाही. निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशाण ५३’ नावाचा हुकूम होता. सभा घ्यायची तर आधी परवानगी. अशा राज्यात १९३७ मध्ये परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली पहिली महाराष्ट्र परिषद भरली. निजामाची गादी उलथावी असं तिथं कुणी म्हणत नव्हतं. नागरी हक्क, राज्यकारभारात लोकांचा वाटा, आपल्या भाषेत शिक्षण, अशा मागण्या. पुण्याच्या पट्टीनं मोजलं तर हे तीस वर्षांपूर्वीचं नेमस्त राजकारण. पण इथं ते उघडपणे बोलायलाच छातीचा कोट लागत होता. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी आली आणि स्वामी रामानंद तीर्थ सत्याग्रह करून तुरुंगात गेले.

ही बंदी १९४६ मध्ये उठली आणि मग आमच्याकडेही तीच जोडी अवतरली. अध्यक्षपदासाठी स्वामीजी आणि बुर्गुला रामकृष्णराव यांच्यात चुरस झाली आणि स्वामीजी थोडक्या मतांनी निवडून आले. एक गट जहाल, दुसरा मवाळ. चाळीस वर्षांपूर्वीचे पुण्याचे शब्द जसेच्या तसे उचलून लावलेले! खरं तर बुर्गुलांचा गट निजामाशी बोलणी चालू ठेवून जे मिळेल ते पदरात पाडून घेऊ पाहत होता आणि स्वामीजींचा गट भारतात विलीन होण्यावाचून दुसरं काही मान्य करायला तयार नव्हता. स्वामीजींचा अंदाज बरोबर होता, असं माझं मत आहे. १९४७-४८ मध्ये आमच्या या भागातली तरणी पोरं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात, उमरखेडच्या कॅम्पावर गेली, ती काही नावं वाचून गेली नव्हती. रझाकारांच्या त्या वर्षात मापाची भाषा बोलायला समोर माप मानणारं सरकारच उरलं नव्हतं. सरकारला मापात धरायचं तर सरकारनंही माप मानावं लागतं. कलकत्त्याच्या कायदेमंडळात गोखल्यांना उत्तर द्यायला निदान इंग्रज अर्थमंत्री उभा राहत होता.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. १९५२ च्या निवडणुकीनंतर हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले ते बुर्गुला रामकृष्णराव आणि स्वामीजी लोकसभेत गेले.

आमच्या गावातल्या शाळेत इतिहासाचा पेपर आला की पोरं अजूनही ‘जहाल व मवाळ यांतील फरक स्पष्ट करा’ याचं उत्तर पाठ करतात. दोन रकाने आखतात, डावीकडं एक आणि उजवीकडं दुसरा. कुणी माझ्याकडं शंका घेऊन आलं, तर डावीकडच्या रकान्यात गोखल्यांच्या नावापुढं मी मिठाच्या कराचे ते आकडे लिहायला लावतो: अडीच, दोन, दीड, एक. आणि वर मवाळऐवजी नेमस्त लिही म्हणतो. गुण कापले जातील, असं पोरं म्हणतात. कापले तर मॉडरेटर पाहून घेईल, असं मी सांगतो.