धर्मग्रामातील गायनशाळा : पूर्वपीठिका व कर्तव्य



महोत्सवाच्या प्रसंगी मंदिराच्या भिंती, वेदी व घंटा यांचा इतिहास लिहिण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या गायनाने ते मंदिर दर रविवारी भरून जाते, त्याचाही एक इतिहास असतो. तो शिळेवर कोरलेला नसल्यामुळे लवकर विस्मृत होतो. आपल्या देशात ख्रिस्ती गायनशिक्षण कसे रुजले व त्यास कोणती फळे आली, हे नव्या पिढीच्या माहितीस्तव येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

या इतिहासाचा उगम गोमंतकात आहे. तेथे 1541 साली सांता फे, म्हणजे पवित्र श्रद्धेचे, विद्यालय स्थापन झाले. पुढील वर्षी संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास आले. हातात घंटा घेऊन ते रस्त्याने हिंडत, मुलांना गोळा करीत आणि धर्माची सूत्रे त्यांजकडून चालीवर म्हणवून घेत. जे गाता येते ते सहसा विसरत नाही, हे मर्म त्यांनी ओळखले होते. 1545 पासून धर्मग्रामांतून शाळा काढण्याचा उपक्रम सुरू झाला. तेथे लेखनवाचन व धर्मोपदेश यांच्या जोडीस गायनाचेही धडे दिले जाऊ लागले.

या शाळेचा प्राण म्हणजे मेस्त्रे, अर्थात गायनगुरू. मुलांच्या हाती तो आरंभीच वाद्य देत नसे. प्रथम स्वरांची नावे घेत, लिपी पाहून गाण्याचा अभ्यास तो घटवून घेई व हाताने ताल धरावयास लावी. गळा व कान तयार झाल्यावर व्हायोलिन मिळे. मग हीच मुले मिस्सेत वरच्या पट्टीतील भाग गात, आणि पवित्र आठवड्यात लॅटिन गीते म्हणत. सणाच्या दिवशी जो वाद्यवृंद जमे, तोही बहुधा अशाच शाळांतून घडलेल्यांचा असे.

लॅटिनबरोबर मराठीनेही तेथे आपले स्थान मिळविले, हे विशेष होय. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली साष्टीतील रायतूर येथे छापून प्रसिद्ध झाले. त्यातील मराठी ओव्या मंदिरांतून गाइल्या जात. अशा रीतीने दोन संगीतपरंपरा एकाच अंगणात वाढल्या.

त्याच साष्टी महालातील माजोर्डा गावी 1927 साली अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म झाला. त्यांचे वडील गावच्या मंदिरात गायनवृंदाचे चालक होते. पुत्रास प्रथम धडे त्यांनीच दिले. मुंबईस आल्यावर अँथनी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिनवादक म्हणून नावारूपास आले. पुढे संगीतकार झालेले प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. 1958 साली त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या, व त्यांत लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनी गायन केले. रागाची आलापी व पाश्चात्त्य स्वरमेळ एका व्यासपीठावर आणण्याचे हे धाडस होते. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील प्रसिद्ध गीतात त्यांचेच नाव गुंफलेले आहे. ते गीत पुष्कळांस पाठ आहे. पण त्या नावामागे एका गावच्या मंदिरातील गायनवृंद उभा आहे, हे थोड्यांसच ठाऊक असते. 2012 साली ते निवर्तले.

मात्र खुद्द त्या शाळांचे पुढे काय झाले? सरकारी शाळा वाढल्या, मेस्त्र्यांचे वेतन तुटपुंजे राहिले, गुणी तरुण मोठ्या शहरांकडे गेले. कित्येक गावी वर्ग ओस पडले. शिकविणारा गेला की गाणारे फार तर एक पिढी टिकतात.

ख्रिस्तसभेने याविषयी वारंवार सावध केले आहे. दहावे पायस यांनी 1903 साली, संत सेसिलियाच्या सणादिवशी, लहान धर्मग्रामांतूनही गायनशाळा असाव्यात असे सुचविले. त्या काळी गायकवृंदात स्त्रियांस स्थान नव्हते. ते बंधन आज उरलेले नाही. 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने बालगायकांच्या शिक्षणाचा पुरस्कार केला, आणि लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस उपासनेत योग्य मान द्यावा, असेही सांगितले.

आपला नागपूर धर्मप्रांत 1887 साली स्थापन झाला व 1953 साली महाधर्मप्रांत झाला. गोव्यासारखा चार शतकांचा वारसा आपणापाशी नाही. परंतु विदर्भाची भूमी गायनास पारखी नाही. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीने गावेच्या गावे सामुदायिक प्रार्थनेस बसविली. तेथेही थोरांच्या शेजारी बसूनच मुले ताल शिकली.

म्हणून नवे वाद्य किंवा ध्वनिवर्धक घेण्यापूर्वी आपण मुलामुलींचा वर्ग सुरू करावा. आठवड्यातून एक तास, एक निष्ठावंत शिक्षक, आधी गळा व मग पेटी, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. शिक्षकास योग्य मानधन देणे हे दान नव्हे, कर्तव्य होय. पुढील महोत्सवात येथे गाणारे कंठ आपल्याच लेकरांचे असावेत की मोल देऊन आणलेले, याचा निर्णय आजच होत आहे. परमेश्वर आपणांस सुबुद्धी व सातत्य देवो. आमेन.