पाठराखण आणि दानप्रशस्ती : सोलापूरच्या एका ग्रंथमालेचा दाखला

ग्रंथाच्या मलपृष्ठावरील मजकुराला मराठीत ‘पाठराखण’ म्हणतात. पाठराखण करणारा पक्षपाती असणार, हे या संज्ञेत गृहीतच आहे. १९०७ मध्ये अमेरिकेत जेलेट बर्जेस याने ‘ब्लर्ब’ हा शब्द प्रचारात आणला, तोही अतिस्तुतीची थट्टा करण्यासाठीच. १९८७ मध्ये जेरार जेनेत याने शीर्षक, प्रस्तावना, वेष्टन यांना संहितेचे उंबरठे मानले. परंतु हा उंबरठा ओलांडणारा वाचक नेहमी ग्राहकच असतो काय?

सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ मध्ये ३०,००० रुपयांचे दान जाहीर करून जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापन केला, आणि १९४४ मध्ये सुमारे २,००,००० रुपयांची आपली सर्व संपत्ती त्यास अर्पण केली. संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत आ. ने. उपाध्ये व हिरालाल जैन यांनी संपादिलेली ‘तिलोयपण्णत्ति’ (१९४३, १९५१), कृष्णकांत हंदिकी यांचा यशस्तिलकावरील इंग्रजी प्रबंध (१९४९) असे ग्रंथ निघाले. मालेतील अनेक ग्रंथांच्या आरंभी संस्थापकाचा एकच परिचय पुनःपुन्हा छापलेला आढळतो. त्यात हाती असलेल्या ग्रंथाविषयी काही नाही. आहे ती दात्याच्या विरक्तीची, विद्वत्संमेलनाची आणि दानाच्या रकमांची नोंद.

पाठराखण ग्रंथाचे वेगळेपण सांगते. हा परिचय ग्रंथाचे मूळ सांगतो. जैन हस्तलिखितांच्या अखेरीस प्रत करवून घेणाऱ्या दात्याची प्रशस्ती असे. शास्त्रदानाची तीच परंपरा येथे मुद्रित ग्रंथाच्या आरंभी आलेली दिसते. ज्याने सर्वस्व त्यागले त्याला विक्रीतून काय मिळवायचे, हा अनुच्चारित युक्तिवाद स्तुतीवाचून विश्वास निर्माण करतो. १६ जानेवारी १९५७ रोजी जीवराजांचे समाधिमरण झाल्यावर त्याची नोंद या मजकुरात आली आणि तो स्मृतिलेखही बनला.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. ग्रंथाचा काळ, विषय, महत्त्व यांचे विवेचन संपादकीय प्रस्तावनेवर सोपविले गेल्याने, अभ्यासक नसलेला वाचक दाराशीच थबकतो. दात्याशी त्याची ओळख होते, ग्रंथाशी होत नाही. तरीही प्रकाशकीय मजकुराचा इतिहास केवळ बाजारपेठेचा इतिहास म्हणून लिहिता येणार नाही, हे सोलापूरच्या या दाखल्यावरून मान्य करावे लागते. येथे वाचकाला ग्रंथ विकत घेण्याची गळ घातलेली नाही. तो कोणाच्या त्यागामुळे आपल्या हाती आला, याची जाणीव त्याला दिली आहे.