मर्लोच्या नावाखाली जगलेली कारमेनेर

चिलीची कारमेनेर वाइन नाकाजवळ नेली की काळ्या आलुबुखाऱ्याच्या, कोकोच्या आणि थोड्याशा धुराच्या आधी बरेचदा वास येतो तो ढोबळी मिरचीचा. नुकत्याच चिरलेल्या, हिरव्या मिरचीचा. पुष्कळांना तो दोष वाटतो. मला मात्र त्या वासात या द्राक्षाचा सगळा इतिहास सापडतो, आणि म्हणून तो आवडतोही.

कारमेनेर मूळची फ्रान्समधल्या बोर्दोची. 19व्या शतकात तिथल्या मेदोकच्या बागांत तिला मान होता, पण लहरी वेल. फुलोऱ्यात गारठा किंवा पाऊस आला की मणी धरत नाहीत आणि घड विरळ राहतात. 1860च्या दशकात फिलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड फ्रान्सभर पसरू लागली. उपाय एकच निघाला, अमेरिकन खुंटावर कलम बांधायचं. (आपले नाशिक-सांगलीचे बागायतदार पाण्याची ओढ आणि जमिनीतले क्षार यांसाठी डॉगरिज या अमेरिकन खुंटावर कलम करतात. द्राक्षाला अमेरिकन खुंट देण्याची रीत जगभर रुळली ती त्या संकटामुळे.) बोर्दोकरांनी नव्या लागवडीसाठी काबेर्ने सोव्हिन्यों आणि मर्लो निवडल्या. बेभरवशाची कारमेनेर मागे पडली आणि पुढे तर ती नामशेष झाली असंच धरलं गेलं.

पण कीड येण्याआधीच, 1850च्या सुमारास, चिलीतल्या धनिक जमीनदारांनी बोर्दोहून काड्या नेल्या होत्या. त्यांत मर्लोसोबत कारमेनेरही गेली. एका बाजूला अँडीज, दुसरीकडे पॅसिफिक, उत्तरेला आटाकामाचं वाळवंट; फिलोक्सेरा चिलीत पोचलीच नाही. दोन्ही वेली एकाच बागेत वाढल्या आणि दोघींनाही मर्लोच म्हणत राहिले.

घोळ झाला तो खुडणीत. कारमेनेर मर्लोच्या जवळजवळ महिनाभर मागून पिकते. मर्लो तयार झाली की सगळी बाग एकदमच खुडली जाई, म्हणजे कारमेनेरचे घड अर्धे कच्चे. कच्च्या मण्यांत पायराझिन नावाची द्रव्यं असतात. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारं द्रव्य त्यांतलंच. लिटरभर वाइनमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. ऊन आणि पिकणं यांनी ते उतरतं, पण तेवढी सवड या द्राक्षाला कुणी देतच नव्हतं. ‘चिलीची मर्लो जरा हिरवट’ ही ख्याती झाली ती यामुळे.

24 नोव्हेंबर 1994 रोजी फ्रान्समधल्या माँपेलिएचे वेलतज्ज्ञ जाँ-मिशेल बूर्सिको चिलीतल्या कारमेन वायनरीच्या बागेत फिरत होते. दक्षिण गोलार्धात तो फुलोऱ्याचा हंगाम. ‘मर्लो’च्या एका वेलीवरच्या इवल्या फुलांतले पुंकेसर त्यांना पिळवटलेले दिसले. मर्लोचे तसे नसतात. ही कारमेनेर आहे, असं त्यांनी सांगितलं. ज्या बागायतदारांनी अभिमानाने मर्लो विकली होती, त्यांना हे पचवणं सोपं नव्हतं. सरकारी मान्यता मिळायला 1998 उजाडलं. नंतर बागा वेगळ्या झाल्या, घडांवरची पानं विरळ करून ऊन आत घेतलं गेलं आणि खुडणी एप्रिल-मेपर्यंत लांबली. पेउमोसारख्या उबदार भागातली आजची कारमेनेर मऊ, कमी तुरट, गडद फळांची असते. मिरची असते ती मागे, फोडणीइतकी.

चिलीत ती पास्तेल दे चोक्लोबरोबर घेतात: कांदा-जिरं घातलेला गोमांसाचा खिमा, उकडलेलं अंडं, ऑलिव्ह आणि वर वाटलेल्या ओल्या मक्याचा थर, मातीच्या भांड्यात भाजलेला. मक्याच्या गोडीला वाइनमधला हिरवेपणा छान तोलतो. मापुचे लोकांचा मेरकेन हा धुरवलेली लाल मिरची आणि धणे यांचा मसाला चोळून भाजलेलं मांसही तिला साजतं. आपल्याकडे खिमा भरलेली ढोबळी मिरची किंवा निखाऱ्यावरचं वांगं घालून केलेलं भरीत तिच्याबरोबर घ्यावं. झणझणीत रस्सा टाळावा, कारण अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. बाटली मात्र फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवून मगच उघडावी.